काकांच्या ट्रंकेतल्या लेझरडिस्क, स्टार वॉर्सच्या एलपी आणि बिनलेबलच्या कॅसेटी: आधी कशाला हात लावायचा

तुमचा प्रश्न लांबलचक आहे, म्हणून बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. काका सत्तरच्या दशकात न्यू जर्सीला गेले, १९८९ ला परत बडोद्याला आले, दांडिया बाजारातला वाडा आता पाडायला काढलाय आणि माळ्यावरून दोन ट्रंका उतरल्यात. आत स्टार वॉर्स वगैरेच्या एलपी म्हणजे मोठ्या रेकॉर्ड, चाळीसेक व्हीएचएस व्हिडिओ कॅसेटी ज्यातल्या अर्ध्यांवर काही लिहिलेलंच नाही, थाळीएवढ्या चकचकीत डिस्का, प्लास्टिकच्या चपट्या डब्यात बंद अजून काही डिस्का, ८ मिमीचं एक छोटं रीळ, आणि सोबत अमेरिकेहून आणलेला लेझरडिस्क प्लेअर नि रेकॉर्ड वाजवायचं टर्नटेबल. हे चालेल का, याचे किती येतील, आणि डिजिटल करायचं तर सुरुवात कुठून, एवढं तुम्हाला हवंय.

मी व्हिडिओ लायब्रऱ्यांच्या जमान्यापासून व्हीसीआर उघडतोय, गेली बरीच वर्षं जुन्या टेपा डिजिटल करून देणं हेच मुख्य काम, आणि स्वतःलाच सायन्स फिक्शनचं वेड असल्यामुळे असल्या ट्रंका माझ्याकडे जरा जास्तच येतात.

सगळ्यात आधी प्लगचं सांगतो कारण तिथेच लोक वाट लावतात. प्लेअर आणि टर्नटेबल अमेरिकेचे म्हणजे १२० व्होल्टचे, आपल्या २३० च्या प्लगात घातले की पॉवर सप्लाय गेलाच समजा. स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि तो लावून सुद्धा पहिल्यांदा चालू करायच्या आधी कोणाकडून तरी उघडून आतले कपॅसिटर बघून घ्या, तीस-पस्तीस वर्षं पडून असलेल्या मशीनला थेट पूर्ण व्होल्टेज द्यायचं नसतं. टर्नटेबलची अजून एक भानगड आहे जी ट्रान्सफॉर्मर विकणारा सांगत नाही. जुन्या अमेरिकन टर्नटेबलमध्ये बरेचदा सिंक्रोनस मोटर असते, ती व्होल्टेजवर नाही तर मेन्सच्या फ्रिक्वेन्सीवर फिरते, तिकडे ६० हर्ट्झ आणि इकडे ५०, म्हणजे मिनिटाला ३३ फेऱ्यांचं टेबल इथे २८ च्या आसपास फिरणार आणि सगळं ऑर्केस्ट्रा झोपेत वाजवतायत असं वाटणार. त्याला ५० हर्ट्झची पुली लागते. क्वार्ट्झ डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे मेन्सवरून नाही तर आतल्या क्वार्ट्झवरून वेग धरणारं, असेल तर हा प्रश्न येत नाही. मॉडेल नंबर मागच्या पट्टीवर असतो तो बघा.

आता मुद्द्याचं. तुम्ही विचारलंय सगळ्यात किमती काय, आणि तुमच्या यादीत तुम्ही स्टार वॉर्सचा अल्बम पहिला लिहिलाय आणि बिनलेबलच्या कॅसेटी शेवटी. मी यादी उलटी केली असती. स्टार वॉर्सचा १९७७ चा डबल एलपी, ट्वेंटिएथ सेंच्युरी रेकॉर्ड्सचा, जॉन विल्यम्स आणि लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा, तो जगात ढिगानं छापला गेला आणि ढिगानं जपला गेला, उद्या तुमचा फुटला तरी त्या संगीताचं काही बिघडत नाही. आणि ज्या कॅसेटवर काहीच लिहिलेलं नाही तिच्यावर जे आहे ते बहुतेक जगात त्या एकाच टेपवर आहे. मी कुठल्याही ट्रंकेला हाच एक प्रश्न विचारतो, की हे अजून कुठे आहे का? नसेल तर ते आधी. बाकी सगळं सावकाश.

हे मी उगाच भावनेत येऊन नाही म्हणत. बीबीसीनं साठ-सत्तरच्या दशकात डॉक्टर हू या आपल्याच सायन्स फिक्शन मालिकेचे ढीगभर एपिसोड पुसून टाकले, टेप महाग होती, पुन्हा वापरायची होती, जुनं परत कोण बघणार असा हिशोब. त्यातलं जे परत मिळालं ते बरंचसं परदेशी स्टेशनांना विकलेल्या १६ मिमीच्या फिल्म कॉप्यांमधून, २०१३ मध्ये तर नऊ हरवलेले एपिसोड नायजेरियातून परत मिळाल्याचं जाहीर झालं. आणि जे एपिसोड मिळालेच नाहीत त्यांचा आवाज आज आपण ऐकू शकतो तो कशामुळे, तर तेव्हाच्या शाळकरी पोरांनी टीव्हीसमोर माईक धरून घरच्या टेपरेकॉर्डरवर भरून ठेवला म्हणून. नासासारख्या नासानं अपोलो ११ च्या मूळ टेलिमेट्री टेपा, म्हणजे चंद्रावरून आलेला सिग्नल ज्यांवर भरला होता त्या, पुसून परत वापरल्या असाव्यात, असं त्यांच्याच २००९ च्या तपासात निघालं. मोठ्या संस्थांचं हे असं, तर मग काकांनी रविवारी सकाळी काय भरून ठेवलंय ते बघायला नको?

काका ८९ ला परत आले म्हणजे त्यानंतरच्या टेपांवर दूरदर्शन असण्याची दाट शक्यता आहे. इंद्रधनुष, स्पेस सिटी सिग्मा, नंतर १९९८ चं कॅप्टन व्योम, हे लोकांनी घरी भरलेलं मला टेपांवर मिळालेलं आहे आणि खरी मजा मालिकेत नाही, तिच्या आजूबाजूला आहे. मधल्या जाहिराती, निवेदिका, 'रुकावट के लिए खेद है', खालून सरकणारी सूचना. हे कुठल्याच डीव्हीडीवर येत नाही. आणि अमेरिकेतल्या टेपांवर १९८७ नंतरचं स्टार ट्रेक नेक्स्ट जनरेशन लोकल चॅनेलवरून भरलेलं असेल तर एपिसोड तुम्हाला कुठेही मिळतील पण त्यातल्या न्यू जर्सीच्या सुपरमार्केटच्या जाहिराती कुठे मिळणार नाहीत. म्हणून माझ्याकडे ट्रान्सफरला देताना लोक म्हणतात ना की जाहिराती कापून द्या, मी कापत नाही. नंतर त्यांची कॉपी कापून देतो, मूळ फाइल अख्खी.

आणि टेप शेवटपर्यंत चालवा. आपल्याकडे कॅसेट महाग होती, एक पिक्चर संपला की उरलेल्या अर्ध्या तासात कोणाची मुंज, कोणाचं बारसं, मध्येच श्रीखंडाचं पातेलं, असं काहीही असतं. एका कॅसेटीत उडत्या तबकडीवाल्या सिनेमाच्या मागे एका आजींचा पूर्ण हळदीकुंकवाचा कार्यक्रम निघाला होता आणि त्या घरात त्या आजींचा आवाज दुसरीकडे कुठेही नव्हता.

व्हीएचएसचं तंत्र थोडं समजून घ्या म्हणजे कोणी फसवणार नाही. तुमच्या टेपा दोन प्रकारच्या निघतील. अमेरिकेतल्या तिकडच्या टीव्ही पद्धतीच्या, म्हणजे एनटीएससी, ५२५ रेषा, सेकंदाला जवळपास ३० फ्रेम, व्हीसीआरचं टेप वाचणारं फिरतं हेड ड्रम मिनिटाला १८०० फेरे. इथल्या पाल, ६२५ रेषा, २५ फ्रेम, ड्रम १५०० फेरे. नुसत्या पाल मशीनमध्ये अमेरिकन टेप घातली तर चित्र फिरतं, रंग उडतो, आणि मग लोक म्हणतात टेप खराब झाली. टेप ठणठणीत असते हो, मशीन चुकीचं असतं. मल्टिसिस्टिम डेक, म्हणजे दोन्ही पद्धती वाचणारा व्हीसीआर पाहिजे. त्यात अमेरिकन लोकांना सहा तासांचा ईपी स्पीड फार आवडायचा, टी-१२० कॅसेटीत दोन तासांऐवजी सहा तास भरता येतात ना, पण त्यात ट्रॅकची रुंदी होते जेमतेम १९ मायक्रॉन, एसपीत, म्हणजे दोन तासांच्या साध्या स्पीडला, ती ५८ असते. एवढ्या बारीक ट्रॅकवर हेड बरोबर बसवायला चांगला डेक आणि धीर दोन्ही लागतं. घरी भरलेल्या ईपी टेपा सगळ्यात जास्त त्रास देतात आणि नेमक्या त्याच सगळ्यात मोलाच्या असतात, काय करणार.

बुरशीचं बघा. बडोद्यात जुलै ते सप्टेंबर हवेत जो भेज, म्हणजे दमटपणा असतो त्यात कॅसेटीला बुरशी लागतेच, त्यातून माळा, त्यातून पत्र्याची ट्रंक. कॅसेटच्या खिडकीवर टॉर्च तिरका धरा, रिळाच्या कडेवर पांढरी पावडर किंवा जाळीसारखे धागे दिसले तर ती कॅसेट कुठल्याही मशीनमध्ये घालायची नाही. एकदा घातली की हेड चोक होतो, आणि त्याच मशीनमध्ये पुढची चांगली टेप घातली की बुरशी तिच्यावर जाते. अशा टेपा वेगळ्या पिशवीत. त्या वेगळ्या, फक्त त्याच कामासाठी ठेवलेल्या मशीनवर रिवाइंड करत करत पुसून साफ कराव्या लागतात, मास्क लावून. मी हे काम शक्यतो दिवाळीनंतर ते उत्तरायणाच्या पुढेपर्यंत काढतो, हवा कोरडी असते तेव्हा. पावसात घाई करणारा ट्रान्सफरवाला दिसला तर जरा जपून.

पुराचंही सांगून ठेवतो कारण आपण बडोदेकर. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात वीसेक इंच पडला तेव्हा आणि ऑगस्ट २०२४ ला विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली तेव्हा, दोन्ही वेळा माझ्याकडे चिखलातल्या कॅसेटींच्या पिशव्या आल्या. जवळजवळ सगळ्यांनी एकच केलेलं, उन्हात वाळवलेल्या, नाहीतर हेअर ड्रायर मारलेला. त्यानं काय होतं की चिखल टेपच्या पदरांमध्ये सुकतो, पदर एकमेकांना चिकटतात आणि मग उलगडताना वरचा ऑक्साईडचा थर निघून येतो, त्याच्याबरोबर चित्रही. गाळाच्या पाण्यात गेलेली टेप सुकू द्यायची नाही, स्वच्छ थंड पाण्यात, शक्यतो डिस्टिल्डमध्ये, धुवायची, ओलीच नेऊन द्यायची आणि मग पंख्याखाली सावलीत हळूहळू. फ्रीजरमध्येही नाही. वाडा पाडेपर्यंत ट्रंका तळमजल्यावर ठेवणार असाल तर निदान टेबलावर चढवा.

डिजिटल करताना दुकानदार काय करतो ते विचारा. बाजारातला स्वस्त यूएसबी तुकडा लावून एमपी-४ काढून देणारे पुष्कळ आहेत, त्यात फ्रेम गळतात, आवाज आणि ओठ वेगळे होतात, आणि वर अमेरिकन टेप असेल तर तिला पालमध्ये बदलून देतात ज्याची काही गरज नसते. तुम्ही एवढंच म्हणा की एनटीएससी आहे तर ७२० बाय ४८० मध्ये तशीच पाहिजे, इंटरलेस्ड (एकाआड एक रेषांची) तशीच ठेवा, लॉसलेस (काही न गाळता साठवलेली) पाहिजे, आणि मध्ये टाइम बेस करेक्टर, म्हणजे डुगडुगणारं चित्र स्थिर करणारं यंत्र, आहे का. तासाला तीसेक जीबी जातात, हार्ड डिस्क तुमची द्या. हल्ली हेडवरून येणारा कच्चा आरएफ सिग्नलच पकडून बाकी सगळं सॉफ्टवेअरनं करायची पद्धत आलीय, व्हीएचएस-डिकोड, एलडी-डिकोड अशी नावं आहेत, निकाल फार सुंदर येतो पण वेळखाऊ काम आहे, सगळ्या चाळीस कॅसेटींना नाही परवडत. सगळ्यात मोलाच्या एक-दोन काढा त्यासाठी. आणि विकत घेतलेल्या छापील कॅसेटी उतरवताना चित्र मध्येच काळवंडलं, मध्येच भगभगीत झालं तर टेप बिघडली असं समजू नका, ते मॅक्रोव्हिजन आहे, १९८५ पासून कॉपी करू नये म्हणून घालायचे. त्या उतरवूच नका असं मी म्हणेन, तेच सिनेमे कितीतरी चांगल्या रूपात मिळतात.

हां, एक वैयक्तिक चीड. हल्ली पोरं चांगल्या व्हिडिओवर मुंग्या, रेषा, रंगाचे फराटे टाकून त्याला व्हीएचएसची नॉस्टॅल्जिया म्हणतात. तसं दिसायचं ते टेपमुळे नव्हे, आपल्याकडच्या लायब्रऱ्यांमुळे दिसायचं. ८२ च्या एशियाडनंतर रंगीत टीव्ही नि व्हीसीआर आले, रात्रभराचा व्हीसीआर भाड्यानं आणायचा नि चार पिक्चर बघायचे, कॅसेट म्हणजे कॉपीची कॉपी तिचीही कॉपी, खाली साडीच्या दुकानाची जाहिरात सरकतेय, आणि हेड हजारो तास घासलेलं. चांगल्या डेकवर पहिल्या पिढीची एसपी टेप लावून दाखवली की लोक म्हणतात हे व्हीएचएस वाटतच नाही. त्या अंतराळयानांची आठवण आपल्याला धुरकट आहे कारण आपण ती धुरकटच बघितली, त्याचं प्रेम असू दे, पण ट्रान्सफर करताना 'जरा जुना लुक ठेवा' असं प्लीज सांगू नका.

आता चकचकीत डिस्का. त्या लेझरडिस्क, ३० सेंटीमीटरच्या, अमेरिकेत डिसेंबर १९७८ ला पहिल्यांदा विकायला आल्या आणि पायोनियरनं प्लेअर बनवणं थांबवल्याचं २००९ ला जाहीर केलं. दिसतात सीडीसारख्या म्हणून सगळ्यांना डिजिटल वाटतात, पण चित्र अ‍ॅनालॉगच असतं, फक्त वाचायला लेझर. व्हीएचएसपेक्षा चित्र कितीतरी स्वच्छ, आणि मॅक्रोव्हिजन नाही. सायन्स फिक्शनवाले हिच्या मागे का लागले त्याचं कारण रुंदी. तेव्हाच्या टीव्हीचा चौकोन ४:३ आणि स्टार वॉर्ससारखा सिनेमा २.३५:१, व्हीएचएसवर चौकोन भरण्यासाठी जवळजवळ ४० टक्के चित्र बाजूनं कापलेलं असायचं, म्हणजे दोन यानं समोरासमोर असतील तर एकच दिसणार. वरखाली काळ्या पट्ट्या ठेवून पूर्ण फ्रेम दाखवायचं चलन घरच्या प्रेक्षकांत लेझरडिस्कनं रुजवलं. एक्स्ट्रा ऑडिओ ट्रॅकवर जाणकाराचं बोलणं ही जी डीव्हीडीची गंमत आपल्याला माहीत आहे तीसुद्धा क्रायटेरियन या निवडक सिनेमे काढणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या १९८४ च्या किंग काँग लेझरडिस्कवरच सुरू झाली. आणि ब्लेड रनरचं परदेशात दाखवलेलं, जरा जास्त हिंसक रूप बरीच वर्षं क्रायटेरियनच्या लेझरडिस्कवर बघायचे लोक. तेव्हा जाकिटावर क्रायटेरियन असं लिहिलेलं काही असेल तर बाजूला काढा.

स्टार वॉर्सबद्दल खास विचारलंत. १९९७ ला दिग्दर्शकानं स्पेशल एडिशन काढून त्यात नवे इफेक्ट, नवी दृश्यं घातली, त्यामुळे जुनं रूप हवं असणाऱ्यांना लेझरडिस्क आणि जुन्या व्हीएचएस एवढाच आधार उरला. त्यातला सगळ्यात मानाचा १९९३ चा डेफिनिटिव्ह कलेक्शन बॉक्स, एका बाजूला फक्त ३० मिनिटं पण प्रत्येक फ्रेम गोठवून बघता येते. २००६ ला डीव्हीडीवर जोडफिल्म म्हणून जुनं रूप दिलं तेही त्याच १९९३ च्या मास्टरवरून. पण काका ८९ ला परत आले म्हणजे तो बॉक्स तुमच्याकडे असणं कठीण, नंतर कोणी आणून दिला असेल तर देवजाणे. तुमच्याकडे बहुधा १९८२ ची डिस्क असणार आणि तिची गंमत वेगळीच आहे. सिनेमा १२१ मिनिटांचा आणि डिस्कच्या दोन बाजू मिळून १२० मिनिटं, तर त्यांनी काय केलं, सिनेमाच किंचित वेगानं चालवून एका डिस्कवर बसवला! म्हणजे 'मूळ रूप' म्हणून जपलेली डिस्क घाईत असते. आणि शुद्धतावाद्यांना अजून एक टोचणी, सुरुवातीच्या सरकत्या मजकुरातलं 'एपिसोड ४' हे १९७७ ला नव्हतंच, १९८१ च्या पुनर्प्रदर्शनात घातलं, त्यामुळे त्या सगळ्या लेझरडिस्कांवर ते आहेच.

डिस्का चालतील का हे बघायला त्या उजेडात धरून काही कळत नाही. लेझर रॉट म्हणतात त्यात आतला अ‍ॅल्युमिनियमचा थर ऑक्सिडाइज होतो, दोन अर्ध्या डिस्का चिकटवलेल्या असतात त्यातल्या गोंदातून हवा-ओल शिरते, आणि ते चालवल्यावरच दिसतं, चित्रावर रंगीत ठिपक्यांचा पाऊस. तो वाढत जातो आणि त्याला इलाज नाही. उभ्या ठेवा, पत्र्याखालच्या माळ्यावर मे महिन्यात काय तापतं ते माहितीच आहे, आडव्या थप्पीत एकावर एक असतील तर वाकलेल्या असणार आणि वाकलेली डिस्क फिरताना आत घासते.

चपट्या डब्यांवर आरसीए सिलेक्टाव्हिजन असं लिहिलंय असं तुम्ही म्हणता. मग त्या सीईडी, आणि ट्रंकेतली सगळ्यात विचित्र वस्तू हीच. लेझर नाही, रेकॉर्डसारखी खाच आणि त्यात खरोखरची हिऱ्याची नीडल, पण नीडल थरथर वाचत नाही, खाचेतला कपॅसिटन्स, म्हणजे वीज धरून ठेवण्याची क्षमता कुठे किती ते वाचते, मिनिटाला ४५० फेरे, एका बाजूला तासभर सिनेमा. मार्च १९८१ ला आरसीए या अमेरिकन कंपनीनं बाजारात आणलं, त्याआधी पंधरा-एक वर्षं संशोधन केलेलं, आणि १९८४ ला प्लेअर बंद. तोपर्यंत व्हीसीआरनं मैदान मारलेलं आणि व्हीसीआरवर भरताही यायचं. डिस्क डब्याबाहेर काढू नका, हातानं तर नाहीच, ती बोटांच्या तेलानं आणि धुळीनंही बिघडते, डबा प्लेअरमध्ये खुपसून परत ओढला की डिस्क आत राहते अशी रचना आहे. तुमच्याकडे सीईडीचा प्लेअर नाही आणि तो इथे शोधत बसू नका, बेल्ट, नीडल सगळं जुन्या स्टॉकमधून मागवावं लागतं आणि त्यावर जे सिनेमे आहेत ते तुम्हाला कुठेही मिळतील. सरळ शोभेची वस्तू. भिंतीवर लावा, जाकिटं मस्त असतात.

रेकॉर्डच्या खाचेत चित्र हा वेडेपणा फक्त आरसीएचा नाही बरं का. १९७७ ला, स्टार वॉर्स आलं त्याच वर्षी, व्हॉयेजर यानांवर जी सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची रेकॉर्ड गेली तिच्यात ११५ चित्रं अ‍ॅनालॉग सिग्नल म्हणून खाचेतच भरलीत, वेग १६⅔. त्यात ५५ भाषांमधले नमस्कार आहेत, मराठी पण आहे, आणि केसरबाई केरकरांची भैरवीतली 'जात कहाँ हो'. मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते हे की त्यांनी रेकॉर्डसोबत नीडल, ती बसते ते कार्ट्रिज आणि कसं वाजवायचं त्याची चित्रं पण दिली. म्हणजे १९७७ ला सुद्धा त्यांना माहीत होतं की मशीनशिवाय नुसती रेकॉर्ड पाठवून उपयोग नाही, आणि आपण मात्र टेपा जपतो नि डेक भंगारवाल्याला देतो. फुनाई या जपानी कंपनीनं २०१६ ला शेवटचे व्हीसीआर बनवणं थांबवलं, आता नवीन येत नाही, तेव्हा काकांचा व्हीसीआर पण त्या माळ्यावर कुठे असेल तर बंद असला तरी तो टाकू नका, पार्टसाठी लागतो. २०१७ ला त्या सोन्याच्या रेकॉर्डची घरी वाजवायची विनाइल आवृत्ती पण निघाली, तुमच्या ट्रंकेत नसणार, पण असल्या गोष्टींची आवड असेल तर शोधून ठेवा.

एलपी पटकन उरकतो. पुस्तकांसारख्या उभ्या, डिस्टिल्ड पाण्यानं धुवा, आतली प्लास्टिकची पीव्हीसी पिशवी चिकटून धुकं आलं असेल तर ती पिशवी फेका, धुकं बरेचदा जात नाही. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या असतील तर त्यांना स्पिरिट अजिबात नाही, विरघळतात, आणि एलपीची नीडल त्यांना चालत नाही, त्यांची खाच तिप्पट-चौपट रुंद. स्टार वॉर्सच्या डबल अल्बममध्ये आत मोठं पोस्टर होतं, अंतराळातल्या लढाईचं, ते असेल तर किमतीत फरक पडतो, नसेल तर ती एक चांगली ऐकायची रेकॉर्ड एवढंच. वॉर ऑफ द वर्ल्ड्सचं १९७८ चं जेफ वेन यांचं संगीतरूप असेल, रिचर्ड बर्टनच्या आवाजातलं, तर त्याची सचित्र पुस्तिका बघा. मेकोची डिस्को स्टार वॉर्स असेल तर गरब्याला वाजवा, काही जण चिडतील पण चालतंय, अमेरिकेत १९७७ ला तिची सिंगल एक नंबरवर होती.

८ मिमीच्या रिळाला नाक लावा. आंबट, व्हिनेगरसारखा वास आला तर फिल्मचा अ‍ॅसिटेट बेस सडायला लागलाय, तो थांबत नाही, फक्त हळू करता येतो, थंड आणि कोरडं ठेवून, बाकी फिल्मांपासून लांब. दोनशे फुटांचं असेल तर चोवीस फ्रेमनं दहा मिनिटं. सिनेमाचं दहा मिनिटांचं सार असं विकत मिळायचं तेव्हा, व्हिडिओ घरोघरी यायच्या आधी घरच्या प्रोजेक्टरवर लावायला, स्टार वॉर्सचंही निघालं होतं. रंग गुलाबी पडलेले असणार. प्रोजेक्टरवर चढवू नका, आकसलेली फिल्म दात्यात फाटते, स्कॅनरवरच द्या. आणि काकांनी स्वतः शूट केलेलं रीळ निघालं तर ते चाळीसही कॅसेटींच्या आधी.

पैशांचं. सायन्स फिक्शनमध्ये लोकप्रिय म्हणजे स्वस्त हे लक्षात ठेवा. ई.टी. ची १९८८ ची अमेरिकन व्हीएचएस, काळ्या कॅसेटला हिरवी झडप, नकली ओळखता यावी म्हणून केलेली, ती हातात आली की लोक खजिना मिळाल्यासारखे फोन करतात, आणि तिच्या दीड कोटींच्या आसपास कॉप्या गेल्या होत्या. ऑनलाइन कोणी लाखात किंमत लावली म्हणून ती किंमत होत नाही, विकल्या गेलेल्याचे भाव वेगळे बघता येतात ते बघा. सील न तोडलेलं असेल तर तोडू नका. बाकी बडोद्यात याला गिऱ्हाईक थोडं, मुंबईच्या लोकांना विकावं लागतं आणि ते कुरिअरमध्ये फुटतं. सगळं एकगठ्ठा उचलतो म्हणणाऱ्याला बिनलेबलच्या कॅसेटी चुकूनही देऊ नका, तो एलपीसाठी आलेला असतो आणि घरी जाऊन त्या कचऱ्यात टाकतो.

आत्ता एवढं करा की टॉर्च तिरका लावून प्रत्येक कॅसेटच्या खिडकीचा फोटो, लेझरडिस्कच्या जाकिटाची मागची बाजू नंबर दिसेल अशी, आणि टर्नटेबलच्या मागची पट्टी, हे टाका इथे. बुरशी किती आहे आणि कुठल्या टेपा जानेवारीपर्यंत थांबू शकतात ते फोटोवरून बऱ्यापैकी सांगता येईल.